डेन्मार्कची चांदीची स्मृतिनाणी

डेन्मार्कच्या राजघराण्यातील राज्यारोहण, विवाह, वाढदिवस अशा प्रसंगी काढलेली चांदीची नाणी. क्रोन हे चलन १८७५ मध्ये रिग्सडालरच्या जागी आले. क्रोनमधले पहिले स्मृतिनाणे १८८८ चे, नवव्या क्रिश्चनच्या राजवटीला २५ वर्षे झाली तेव्हाचे. त्यानंतरची नाणी ओळीने मांडली की राजघराण्याचा कौटुंबिक अल्बमच तयार होतो: १८९२ चा सुवर्णमहोत्सवी विवाह, १९२३ चा रौप्यमहोत्सवी, १९३० व १९४५ चे दहाव्या क्रिश्चनचे वाढदिवस, १९५८ मध्ये अठरा वर्षांची झालेली राजकन्या मार्ग्रेथे.

या मालिकेतली सर्वांत वेधक नाणी राज्यारोहणाची. एका बाजूला दिवंगत राजा, दुसरीकडे गादीवर आलेला. छापा-काटा करायला घेतले तर दोन्हीकडे छापाच! ही रीत क्रोनपेक्षा जुनी आहे. १८४८ चे स्पेसीडालर (क्रोनपूर्वीचे चांदीचे नाणे) आणि १८६३ चे दोन रिग्सडालर याच धर्तीचे आहेत. पुढे १९०६, १९१२ व १९७२ मध्ये ती पाळली गेली. १९४७ मध्ये मात्र दहावा क्रिश्चन वारला तेव्हा असे नाणे निघाले नाही, त्यामुळे नवव्या फ्रेडरिकचा चेहरा या जोडीत येतो तो १९७२ मध्ये, मृत राजा म्हणूनच. त्याच्यानंतर गादीवर आलेली त्याची कन्या मार्ग्रेथे हिने १४ जानेवारी २०२४ रोजी, वडिलांच्या मृत्यूला बरोबर ५२ वर्षे होताना, स्वतःहून पदत्याग केला.

राजघराण्याच्या घरगुती प्रसंगाशी थेट संबंध नसलेले एक नाणे १९५३ चे. ग्रीनलंडमधील क्षयरोगविरोधी मोहिमेसाठी काढलेल्या या दोन क्रोनरवर (क्रोनर हे क्रोनचे अनेकवचन) एका बाजूला राजा-राणी आणि दुसऱ्या बाजूला ग्रीनलंडचा नकाशा आहे.

१८८८ ते १९५८ पर्यंतची दोन क्रोनरची नाणी १५ ग्रॅमची, ८०० शुद्धतेची (हजारात ८०० भाग चांदी). म्हणजे निव्वळ चांदी १२ ग्रॅम, आपल्या तोळ्याहून जराशी जास्त. १९६० व १९६४ मध्ये पाच क्रोनर (१७ ग्रॅम), तर १९६७, १९६८ व १९७२ मध्ये दहा क्रोनर (२०.४ ग्रॅम) निघाले. १८८८ चे नाणे सुमारे एक लाख पाडले गेले, १९५८ चे सुमारे तीन लाख. नव्या संग्राहकाने सुरुवात १९५८ किंवा १९६७ च्या नाण्याने करावी. ती सहज मिळतात. १९९० पासून २०० क्रोनरची नाणी आली. अँडरसनच्या परीकथा (२००५-०७) आणि आंतरराष्ट्रीय ध्रुवीय संशोधन वर्ष (२००७-०९) यांवरच्या मालिका देखण्या आहेत, पण त्या संग्राहकांसाठीच काढलेल्या, आणि ते जाणवते.

भिंगाखाली आधी टांकसाळीची खूण शोधावी. कोपनहेगनची खूण म्हणजे चिमुकले हृदय. १९५८ च्या नाण्यावर त्याच्या एका बाजूला टांकसाळप्रमुखाचे ‘सी’ हे आद्याक्षर आहे, दुसऱ्या बाजूला पदककार हॅरल्ड सालोमन याचे ‘एस’.

जुन्या चांदीवर निळसर-काळी झाक चढते. देवघरातली निरांजने आपण रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासतो, तसे नाण्याला कधीही करू नये. राजाच्या गालाचा उंचवटा आणि केसांच्या बटा आधी झिजतात, बारीक ओरखडे उजेडात तिरपे धरताच दिसतात, आणि जाणकार गिऱ्हाईक नाणे मुकाट्याने परत ठेवतो.