१८५७ चे बंडवाले आणि सेल्युलर जेल

बेळगाव-खानापूरकडच्या बऱ्याच ग्रुपांवर दर ऑगस्टात एक मेसेज फिरतो: ‘१८५७ च्या क्रांतिकारकांना अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये कोंडलं होतं.’ भावना खरी आहे, फक्त तारखा जुळत नाहीत.

बंडातल्या कैद्यांची पहिली तुकडी मार्च १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरला उतरली. तेव्हा तिथं ही इमारत नव्हतीच. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ ला सुरू झालं आणि १९०६ मध्ये संपलं. मधे जवळजवळ चाळीस वर्षांचं अंतर!

मग ते कैदी राहिले कुठं? चॅथम, रॉस अशा लहान बेटांवर. बेटावरचं जंगल तोडायचं, जमीन मोकळी करायची, हेच त्यांचं काम. बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या जेलसारखी उंच भिंत तिथं लागत नव्हती, कारण चहूकडं समुद्रच होता. तापानं आणि उपासमारीनं किती गेले! माझ्या मते हा इतिहास कोठड्यांपेक्षाही भयंकर आहे, आणि नेमका तोच मेसेजात येत नाही. व्हायपर बेटावरचा तुरुंगही सेल्युलरच्या आधीचा.

गोंधळ होणं साहजिक आहे. बेटांवरची ती शिक्षा आणि नंतरचं सेल्युलर जेल, दोन्हींना आपण ‘काळं पाणी’च म्हणतो.

पडताळायचं असेल तर नावातच खूण आहे. ‘सेल’ म्हणजे एकट्याची कोठडी. कैद्यांना एकमेकांपासून तोडण्यासाठी सात पाखांची (म्हणजे विंगांची) ही इमारत बांधली, आणि ती बांधायलाही कैदीच राबवले. आज त्यातल्या तीनच पाखा उभ्या आहेत. कुणी अंदमानला जाऊन आलं असेल, तर त्यांच्या फोटोंत बांधकामाचं साल असलेली पाटी आहे का बघा.