एकाच कुळातले दोन विषाणू: सीएमव्हीचा व्रण आणि हर्पिसचा व्रण

एचआयव्ही बराच पुढे गेलेला, सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) खालावलेल्या आणि शौचातून रक्त जायला लागलं, की ज्या विषाणूंवर संशय जातो त्यांत हे दोघे असतातच. सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, आणि हर्पिस सिम्प्लेक्स, म्हणजे एचएसव्ही. दोघेही हर्पिस कुळातले. एकदा शिरले की जन्मभर अंगात दडून राहतात आणि प्रतिकारशक्ती ढासळली की डोकं वर काढतात. दुर्बिणीतून दोघांचेही व्रणच दिसतात, त्यामुळे गल्लत होते.

पण दुखतंय कुठे, एवढं नीट विचारलं तरी बराच उलगडा होतो. एचएसव्हीचा मुक्काम बहुधा गुदद्वारात आणि गुदाशयाच्या शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये. शौचाला बसायची धास्ती वाटावी इतकी आग, सारखं कुंथावंसं वाटणं, चिकट स्राव. जुलाबांपेक्षा बद्धकोष्ठच जास्त. कधी लघवीही तुंबते. ते निराळंच दुखणं समजून रुग्ण सांगत नाही, पण विषाणूने कमरेखालच्या मज्जातंतूंची मुळं धरल्याची ती खूण असू शकते.

सीएमव्ही मोठ्या आतड्यात पसरतो: आठवडेच्या आठवडे जुलाब, पोटदुखी, ताप, झडत चाललेलं अंग. हा सहसा सीडी४ पेशींची संख्या (रक्ताच्या एका घन मिलिमीटरमधली) ५० च्या खाली गेल्यावरच येतो. एचएसव्ही तेवढी वाट पाहत नाही. मात्र पेशी घटल्या की त्याच्या जखमा महिना उलटला तरी भरत नाहीत.

खरी गंमत बायोप्सीत आहे. तुकडा व्रणाच्या काठाचा घ्यायचा की तळाचा? एचएसव्ही वरच्या अस्तराच्या पेशींत राहतो, म्हणून तो काठाला सापडतो. सीएमव्ही रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींत घुसतो, म्हणून तळ खरवडावा लागतो. रक्तपुरवठाच बिघडल्यामुळे त्याचे व्रण खोल जातात, प्रसंगी आतड्याला भोकही पडतं. सूक्ष्मदर्शकाखाली सीएमव्हीची पेशी फुगलेली दिसते. मध्ये गडद गोळा, भोवती फिकट कडं, अगदी घुबडाचा डोळा. एचएसव्हीत एकाच पेशीत अनेक केंद्रकं दाटीवाटीने बसलेली असतात. नुसत्या रक्तात सीएमव्ही सापडला म्हणून आतड्याचं निदान पक्कं होत नाही, हे मात्र बऱ्याचदा विसरलं जातं.

एवढा खटाटोप औषधासाठी. अ‍ॅसायक्लोव्हिर जागं होतं ते एचएसव्हीच्या थायमिडिन कायनेज या विकरामुळे (एन्झाइममुळे). सीएमव्हीकडे ते विकर नाही, म्हणून तिथे हे औषध जवळपास निरुपयोगी. त्याला गॅन्सिक्लोव्हिर लागतं, सुरुवातीला शिरेतून, आणि ते पांढऱ्या पेशी घटवत असल्याने रक्त वारंवार तपासावं लागतं. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, दोन्हींत हवीच. दोघे एकाच व्रणातही सापडू शकतात, तेव्हा एक मिळाला म्हणून शोध थांबवू नये.

आणि आतड्यात सीएमव्ही निघाला, तर नजर चांगली असली तरी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. हाच विषाणू तिथेही बसतो, आणि सुरुवातीला रुग्णाला काहीच जाणवत नाही.