ब्लॉक्ड अकाउंट आणि २८ दिवसांचा बॅलन्स: दोन्ही एक नव्हेत

जर्मनी असो वा ब्रिटन, विद्यार्थी व्हिसाच्या अर्जाला पैशांचा पुरावा जोडावाच लागतो. त्यामुळे दोन्हीकडचं काम सारखंच असणार असं धरून चालतात. ‘वर्षभराचे पैसे खात्यात दाखवायचे’ एवढ्यावर घरातलं बोलणं संपतं. पण जर्मनीला नुसते पैसे दाखवून भागत नाही, ते अडकवून ठेवावे लागतात. ब्रिटनला अडकवलेले पैसे चालत नाहीत. तिथे ते काही काळ सलग तुमच्याकडे होते हे सिद्ध करावं लागतं. एका देशाला तुमच्या पैशांचं पुढे काय होणार याची खात्री हवी असते, दुसऱ्याला मागे काय झालं याची. हे नीट न कळल्यामुळे चांगली ऐपत असलेल्या घरातल्या मुलांचेही अर्ज फेटाळले जातात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. पैसे असतात, फक्त चुकीच्या जागी किंवा चुकीच्या तारखेला असतात.

गंमत म्हणजे आकडे ठरवण्यामागचा विचार दोन्ही देशांत जवळपास एकच आहे. जर्मनीत स्थानिक विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या ‘बाफॉग’ या सरकारी साहाय्याची कमाल मासिक रक्कम ९९२ युरो आहे. त्याच हिशेबाने १ सप्टेंबर २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. ब्रिटननेही २०२५ पासून आपली रक्कम स्थानिक विद्यार्थ्यांच्या निर्वाह कर्जाशी जोडली. ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड असा दर आहे. तो जास्तीत जास्त ९ महिन्यांचा धरतात, म्हणजे १३,७६१ किंवा १०,५३९ पौंड. त्यावर पहिल्या वर्षाची जेवढी फी भरायची बाकी असेल तेवढी रक्कम वेगळी. ही बाकीची फी धरायला बरेच जण विसरतात. हे आकडे बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर ते पुन्हा पाहावेत.

आधी जर्मनी. ब्लॉक्ड अकाउंट, तिकडच्या भाषेत ‘स्पेरकोंटो’, हे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं खातं असतं. एक्स्पाट्रिओ, फिन्टिबा यांसारख्या कंपन्या ते ऑनलाइन उघडून देतात. पूर्ण रक्कम एकदम भरली की पैसे अडकवल्याचं पुष्टीपत्र मिळतं आणि ते व्हिसाच्या अर्जाला जोडायचं. पैसे वडिलांनी दिले, मामाने दिले की शैक्षणिक कर्जातून आले, याने या खात्याला सहसा फरक पडत नाही. कालपर्यंत खात्यात काही नव्हतं, तरी बिघडत नाही. मात्र वडिलांच्या बचत खात्यात दुप्पट रक्कम आहे म्हणून ब्लॉक्ड अकाउंटची गरज संपत नाही. त्याला पर्याय वेगळे आहेत: मान्यताप्राप्त शिष्यवृत्ती, किंवा जर्मनीत राहणाऱ्या एखाद्या व्यक्तीने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन दिलेली खर्चाची लेखी हमी.

इथे अडचण येते ती पैसे पाठवताना. बरोबर ११,९०४ युरो पाठवले आणि वाटेतल्या बँकेने आपलं शुल्क कापलं, तर खात्यात ११,८८० पोहोचतात आणि पुष्टीपत्र अडून बसतं. मग वीस-पंचवीस युरोंसाठी पुन्हा नवा व्यवहार करायचा, त्याचं शुल्क वेगळं, आणि तोवर व्हिसाच्या अपॉइंटमेंटची तारीख जवळ आलेली असते. म्हणून पहिल्यांदाच थोडी जास्त रक्कम पाठवावी.

खरी कसोटी मात्र पोहोचल्यावर लागते. पैसे तुमचेच असले तरी एकदम हाती येत नाहीत. आधी राहत्या पत्त्याची नोंदणी, मग जर्मनीत साधं चालू खातं, आणि त्यानंतर दर महिन्याला ९९२ युरो त्या खात्यात जमा होतात. आता पहिल्या महिन्याचा खर्च पाहा. घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो. कायद्याने ती तीन समान मासिक हप्त्यांत भरता येते, पण पहिला हप्ता घर ताब्यात घेतानाच द्यावा लागतो. त्यात भाडं, आरोग्य विमा आणि विद्यापीठाचं सत्र शुल्क मिळवलं की ९९२ युरो कुठच्या कुठे जातात. ज्यांनी घरातली सगळी जमा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये घातलेली असते त्यांची इथे सर्वांत जास्त ओढाताण होते: खात्यात दहा-अकरा हजार युरो दिसतात आणि अनामतीचा हप्ता द्यायला पैसे नसतात. म्हणून ११,९०४ युरोंच्या पलीकडे निदान पहिल्या दोन महिन्यांचा खर्च मोकळा ठेवावा असं माझं ठाम मत आहे. हे कोणत्याही अर्जात लिहिलेलं नसतं.

ब्रिटनचं गणित उलटं. तिथे तुमचे पैसे कुणी ताब्यात घेत नाही. अट एवढीच की लागणारी पूर्ण रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी, एकाही दिवशी तिच्या खाली जाऊ नये, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेच्या ३१ दिवसांहून मागचा नसावा. समजा ३ जूनला रक्कम पूर्ण झाली. ती ३० जूनपर्यंत टिकली की २८ दिवस भरले, आणि त्या स्टेटमेंटवर ३१ जुलैपर्यंत अर्ज करता येतो. पण १७ जूनला एखादा हप्ता आपोआप कापला गेला आणि शिल्लक फक्त चाळीस पौंडांनी खाली आली, तर दुसऱ्याच दिवशी भर घातली तरी मोजणी १८ जूनपासून नव्याने सुरू होते, आणि २८ दिवस १५ जुलैला भरतात. सरासरी शिल्लक इथे कामाची नाही. स्टेटमेंटमधला सर्वांत कमी आकडा कोणता, एवढंच पाहिलं जातं. त्यामुळे या काळात ज्या खात्यातून बिलं आणि हप्ते जातात ते खातं या कामाला वापरूच नये.

आणखी एक बारकावा आहे. रक्कम पौंडांत मोजली जाते, आणि अर्जाच्या दिवशीचा ओआंडा या संकेतस्थळावरचा दर धरला जातो. आपल्या चलनात काठोकाठ रक्कम ठेवली आणि मधल्या काळात पौंड महागला, तर शिल्लक तीच राहूनही पुरावा अपुरा पडतो.

खातं कुणाचं, याबाबतही ब्रिटन काटेकोर आहे. विद्यार्थ्याचं स्वतःचं किंवा आईवडिलांचं खातं चालतं. आईवडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडावं लागतं. काका, आजोबा किंवा मोठ्या भावाच्या खात्यावरची रक्कम मोजली जात नाही, मग ते कितीही मनापासून मदत करत असोत. त्यांना मदत करायचीच असेल तर पैसे २८ दिवस सुरू होण्याआधी विद्यार्थ्याच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात यायला हवेत, आणि ते कुठून आले हे विचारलं तर सांगता यायला हवं. शेअर, रोखे, लगेच काढता न येणारा निवृत्तिनिधी, ओव्हरड्राफ्टची मर्यादा, यांतलं काहीही धरलं जात नाही. मुदत ठेव ठेवायची तर ती हवी तेव्हा मोडता येणारी असावी. शैक्षणिक कर्जाला २८ दिवसांची अट नाही, मात्र मंजुरीपत्र सहा महिन्यांच्या आतलं आणि कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर असावं लागतं.

पुढच्या वर्षीही दोन वाटा वेगळ्याच राहतात. ब्रिटनमध्ये वैध परवान्यावर सलग १२ महिने राहून झाले असतील, तर तिथूनच मुदत वाढवताना पैशांचा हा पुरावा पुन्हा द्यावा लागत नाही. जर्मनीत परवाना नूतनीकरणाच्या वेळी निर्वाहाची सोय पुन्हा दाखवावी लागते, आणि नेमकं तेव्हा ब्लॉक्ड अकाउंट रिकामं झालेलं असतं. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे. पगाराच्या चिठ्ठ्या आणि कामाचा करार पहिल्या दिवसापासून जपून ठेवले, तर नूतनीकरणात ते उपयोगी पडतात.

ज्यांनी दोन्ही देशांतल्या विद्यापीठांत अर्ज केलेले असतात त्यांनी फार जपून चालावं. एकच रक्कम दोन्ही कामं करू शकत नाही. २८ दिवस मोजणं चालू असताना जर्मनीचं प्रवेशपत्र आलं आणि उत्साहाच्या भरात पैसे ब्लॉक्ड अकाउंटला पाठवले, की ब्रिटनची मोजणी त्याच दिवशी तुटते. ते परत आणणंही सोपं नाही. व्हिसा नाकारल्याचं पत्र किंवा अर्ज मागे घेतल्याचा कागद दिल्याशिवाय कंपनी सहसा खातं मोकळं करत नाही, आणि त्यात आठवडे जाऊ शकतात. त्यामुळे आधी कुठे जायचं ते ठरवावं, मगच रकमेला हात लावावा. निर्णय होत नसेल तर तोवर पैसे आईवडिलांच्या खात्यातच राहू द्यावेत, कारण तिथून जर्मनीला ते कधीही पाठवता येतात आणि ब्रिटनसाठीचे दिवसही भरत राहतात.