पिठले

पिठले : हरभऱ्याच्या डाळीचे पीठ फोडणीच्या पाण्यात शिजवून केलेला आणि भाकरी किंवा भाताबरोबर खाल्ला जाणारा महाराष्ट्रातील रोजचा पदार्थ. त्याला भाजी लागत नाही, हे त्याचे मुख्य लक्षण. आठवडी बाजार दोन दिवसांवर आहे, टोपलीत कांद्यांशिवाय काही उरलेले नाही आणि रात्री नऊला पाहुणा दारात उभा आहे, अशा वेळी घरात जे शिजते ते पिठले. डब्यातले पीठ, हळद, तिखट, मीठ आणि लसणाच्या चार पाकळ्या एवढ्यावर पंधरा-वीस मिनिटांत ते होते. मराठवाड्यात आणि विदर्भात त्याला सरळ बेसन म्हणतात. कोकणात हेच काम बरेचसे कुळथाचे पीठ करते.

पिठल्याचे प्रकार पाण्याच्या मापावर ठरतात. एक वाटी पिठाला चार वाट्या पाणी घेतले तर भातावर वाढायचे, ताटात पसरणारे पिठले होते. तीन वाट्यांत ते भाकरीच्या तुकड्याने उचलण्याजोगे होते. पाणी पिठाइतके किंवा त्याहून कमी घेतले, तेलाचा हात सैल सोडला आणि झाकण ठेवून वाफेवर शिजवले की मोकळा झुणका होतो. पिठले आणि झुणका एकच की वेगळे, यावर घराघरांत मते आहेत आणि काही भागांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. तरी पातळ ते पिठले आणि कोरडा तो झुणका ही वाटणी बहुतेकांना मान्य होईल. या वाटणीला व्यवहाराचा आधारही आहे. शेतावर न्यायची शिदोरी फडक्यात बांधलेली असे. पातळ पिठले फडक्यातून गळते. झुणका भाकरीवर ठेवून, वर दुसरी भाकरी झाकून बांधला की दुपारपर्यंत नीट राहतो. त्यातले जास्तीचे तेल चवीसाठी असते तसेच टिकण्यासाठीही असते. चुलीपुढे बसून खायचे ते पिठले आणि बांधावर खायचा तो झुणका, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

पाणी थोडे वाढवून पीठ घट्ट गोळ्यासारखे शिजवले, तेल लावलेल्या ताटात थापले आणि वर सुके खोबरे, कोथिंबीर, खसखस पेरून कापले की पाटवड्या होतात. विदर्भात त्या झणझणीत रश्श्यात सोडतात. पाटोडी-रस्सा हा तिकडे पाहुण्यांसाठीचा बेत आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगाव भागाची मासवडी त्याच्याही पुढची. शिजवलेले पीठ ओल्या फडक्यावर पातळ थापायचे, मधे तीळ, खोबरे, कांदा, लसूण यांचे भाजून केलेले सारण भरायचे, फडक्याच्याच आधाराने गुंडाळी वळायची आणि मग काप पाडायचे. काप माशाच्या तुकडीसारखे दिसतात म्हणून हे नाव. पदार्थ पूर्ण शाकाहारी. आणि लग्नाच्या पंक्तीत मिरवणारी सुरळीची वडी पाहिली तर तीही ताकात शिजवलेले पिठलेच आहे, गरम असताना ताटावर कागदाइतके पातळ पसरून गुंडाळलेले. पंक्तीत पिठल्याला कधी मान नव्हता, सुरळीच्या वडीला मात्र कायम आहे. फरक पडला तो ताटावर पसरायच्या कसबामुळे आणि वरच्या ओल्या नारळामुळे.

करण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिलीत पीठ आधी गार पाण्यात किंवा ताकात कालवून, गुठळ्या मोडून घेतात आणि ते फोडणीत ओततात. दुसरीत फोडणीवर पाणी घालून आधण येऊ देतात आणि उकळत्या पाण्यात एका हाताने कोरडे पीठ वैरत दुसऱ्या हाताने हाटत राहतात. वैरलेल्या पिठल्यात गुठळ्या होण्याचा धोका जास्त. पीठ कढत पाण्यात पडताच गोळीचा बाहेरचा थर फुगून चिकट होतो आणि आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोचतच नाही. म्हणून पीठ चिमटी-चिमटीने सोडायचे आणि हात थांबवायचा नाही. शिकाऊ हाताने कालवलेलेच करावे. मात्र वैरलेल्या पिठल्याचा रवाळपणा कालवलेल्याला येत नाही, हे खाणाऱ्याला पहिल्या घासात कळते. अशा गुठळ्या आवडणारी माणसेही आहेत. काही घरांत त्या मुद्दाम ठेवतात आणि पोरे ताटात त्या वेचून खातात.

पीठ पाण्यात घट्ट झाले म्हणजे पिठले झाले, असा समज सर्वत्र आढळतो आणि बिघडलेल्या पिठल्यांपैकी निम्मी त्यामुळेच बिघडतात. पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो ते उकळी येण्याच्या आधीच, त्यामुळे दाटपणा दोन-तीन मिनिटांत दिसतो. डाळीचा कच्चा वास जायला त्याहून वेळ लागतो. मंद आचेवर झाकण ठेवून सात-आठ मिनिटे ते रटरटू द्यावे लागते. वर बुडबुडे येऊन फुटतात, अंगावर उडतात, म्हणून झाकण. कडेने तेल सुटू लागले आणि हळदीचा भडक पिवळा रंग थोडा खोल झाला की उतरवावे. गार होताना पिठले आणखी घट्ट होते, तेव्हा हवे त्यापेक्षा जरा सैल असतानाच चुलीवरून काढणे शहाणपणाचे. तळाला धरलेली खरवड लोखंडी कढईत सर्वांत चांगली येते आणि तिच्यासाठी घरात भांडणे होतात. नॉनस्टिक भांड्यात पिठले उत्तम होते, खरवड होत नाही.

फोडणीत मोहरी, जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कांदा. लसूण-कांदा न खाणाऱ्या घरांत हिंग आणि जिरे वाढवतात. हिरव्या मिरचीचे पिठले पिवळे राहते; लाल तिखटाचे, त्यातही कांदा-लसूण मसाल्याचे, तांबूस होते आणि त्याची चव वेगळ्याच दिशेला जाते. आंबटपणासाठी ताक, आमसूल किंवा चिंच. शेवग्याच्या शेंगा, मेथी, कांद्याची पात, शेपू घालूनही करतात, पण पालेभाजी जास्त पडली की ती पीठ पेरलेली भाजी होते आणि तिचा हिशेब वेगळा. टोमॅटो अलीकडचा, त्याने पिठल्याला ओलसर गोडी येते, जी ठेच्याशी जुळत नाही. तेल कोणते हे प्रदेशावर आहे. सोलापूर-मराठवाडा पट्ट्यात करडईचे तेल जुने, अन्यत्र शेंगदाण्याचे, आणि ताटात वाढल्यावर वरून कच्च्या तेलाची धार घेण्याची पद्धत दोन्हीकडे आहे.

मिरची आणि शेंगदाणा ही दोन्ही पिके अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आल्यानंतर भारतात पसरलेली. आज ज्या चवीला आपण अस्सल गावरान म्हणतो, हिरव्या मिरचीची फोडणी आणि बाजूला शेंगदाण्याची चटणी, ती त्यामुळे फार तर चार-पाच शतकांची आहे. त्याआधी तिखटपणा मिरी, पिंपळी, आले यांचा असे. डाळीचे पीठ मात्र जुनेच. हरभरा हे मूळचे पश्चिम आशियातले पीक. आजच्या आग्नेय तुर्कस्तानाच्या परिसरात ते माणसाळवले गेले आणि इसवी सनाच्या कितीतरी आधी भारतात रुजले. महाराष्ट्रात ते रब्बीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. काळ्या जमिनीत टिकून राहिलेल्या ओलीवर ते येते, थंडीतले दव त्याला मानवते. रब्बी ज्वारीचाही हंगाम हाच. म्हणजे पिठले-भाकरी ही जोडी एकाच शिवारात, एकाच ऋतूत पिकणाऱ्या दोन धान्यांची आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विजय आणि दिग्विजय, अकोल्याकडचे जाकी ९२१८ हे राज्यातले परिचित देशी वाण. काबुली हरभऱ्याचे पीठ या कामाला कोणी घेत नाही.

पीठ गिरणीतून दळून आणलेले आणि बाजारातले बारीक बेसन यांत फरक पडतो. भज्यांना बारीक बेसन चालते. पिठल्याला किंचित जाडसर, डाळ उन्हात तापवून दळलेले पीठ हवे. डाळीचा भरडा काढून केलेला झुणका तर आणखी खमंग लागतो. स्वस्त बेसनात पिवळ्या वाटाण्याचे पीठ मिसळलेले असू शकते आणि ते पिठल्यात लपत नाही: खमंगपणा उतरतो, मागे मटारासारखी चव राहते. फुटाण्याच्या डाळ्याचे पीठ आधीच भाजलेले असल्याने त्याचे पिठले होत नाही, लापशी होते.

कुळथाची पिठी हा कोकणातला प्रकार स्वतंत्र नोंदीच्या योग्यतेचा आहे. कुळीथ, देशावर ज्याला हुलगा म्हणतात, ते भारतातच माणसाळवलेले कडधान्य असून दक्षिण भारतातील नवाश्मयुगीन वस्त्यांत त्याचे दाणे सापडले आहेत. कोकणात भात कापून झाल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर वाल, पावट्यांबरोबर कुळीथ घेतात. दाणे भाजून, भरडून, साल पाखडून मग दळतात, त्यामुळे पिठाला तपकिरी रंग आणि धुरकट खमंगपणा येतो. लसणाची सढळ फोडणी, पाणी, दोन-तीन आमसुले, वाटल्यास ओले खोबरे, आणि त्यात हे पीठ. हरभऱ्याच्या पिठल्यापेक्षा पिठी पातळ ठेवतात. ती भाकरीपेक्षा गरम मऊ भातावर ओतायची वस्तू आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मुसळधार पावसात बाजार आणि मासेमारी दोन्ही बंद असताना पिठी-भात, भाजलेले सुके बांगडे किंवा सुकट आणि लोणचे हे पूर्ण जेवण. देशावर याच पिठाचे माडगे आणि शेंगोळे करतात. ज्यांनी लहानपणी पिठी खाल्ली त्यांना हरभऱ्याचे पिठले नेहमी थोडे फिके वाटते, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही.

आहाराच्या दृष्टीने पिठले-भाकरी हा तगडा मेळ आहे. हरभऱ्याच्या डाळीच्या पिठात वजनाच्या साधारण एक-पंचमांश प्रथिने असतात. ज्वारी-बाजरीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर; डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य भरून काढते. जोडीला बुक्कीने फोडलेला कच्चा कांदा, ठेचा आणि जमल्यास ताक. पिठल्याने पोट जड होते ही तक्रार खरी आहे. बहुतेक वेळा ते कमी शिजवल्याने होते, आणि हिंग-जिऱ्याची फोडणी त्यासाठीच असते.

घरातला हा पदार्थ सार्वजनिक झाला त्याची तीन उदाहरणे ठळक आहेत. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातील यवतला मुक्कामाला येते तेव्हा गावातर्फे वारकऱ्यांना पिठले-भाकरीचे जेवण असते. देवळाच्या आवारात मोठमोठ्या कढयांत पिठले हाटले जाते आणि भाकऱ्या घराघरांतून येतात. हजारोंच्या पंगतीचे पिठले हाटणे हे खांद्यांचे काम, गावातली धट्टीकट्टी माणसे ते पाळीपाळीने करतात. पुण्याजवळच्या सिंहगडावर पिठले-भाकरी, ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातले दही यासाठी लोक गड चढतात. काहींच्या बाबतीत गड हे निमित्त असते. तिसरे उदाहरण राजकीय. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी योजना सुरू केली. गावोगावी, विशेषतः शहरांतल्या मोक्याच्या जागांवर, केंद्रे उभी राहिली. एक रुपयात झुणका-भाकर अनुदानाशिवाय परवडणारी नव्हती, आणि पुढच्या सरकारच्या काळात योजना बंद पडली. टपऱ्या मात्र राहिल्या. त्यांवर वडापाव आणि चहा सुरू झाला आणि जागांचे वाद पुढे बरीच वर्षे चालले.

अलीकडे शहरी लग्नांत पिठले-भाकरीचा वेगळा कोपरा मांडतात, समोर चुलीवर भाकरी थापणारी बाई बसवतात. तिथले पिठले बहुधा फार वेळ गरम ठेवल्याने दगडासारखे झालेले असते.

सीमेपलीकडे पाहिले तर उत्तर कर्नाटकात झुणका जोळद रोट्टीबरोबर, म्हणजे ज्वारीच्या भाकरीबरोबर, नेहमीचा आहे. आंध्र, तेलंगण आणि तमिळनाडूत बेसनाचे पातळ पिठले पुरी, इडली किंवा डोशाबरोबर खातात आणि त्याला बॉम्बे चटणी म्हणतात. ती आपल्या पिठल्यापेक्षा सैल आणि सौम्य असते, फोडणीत उडदाची डाळ पडते, लसूण बहुधा नसतो. परदेशातल्या मराठी घरांत बेसन सहज मिळते, अडचण भाकरीची असते: पाकिटातले ज्वारीचे पीठ जुने असले की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि भाकरी थापतानाच चिरते. तिथे पिठले पोळीशी किंवा भाताशी खाल्ले जाते.

उरलेले पिठले सकाळपर्यंत खरवसासारखे घट्ट होते. ते तसेच गरम करायला ठेवले तर खाली करपते आणि मधे गारच राहते. आधी हाताने मोडून, पाण्याचा हबका मारून, तव्यावर तेलात परतावे. झुणक्याच्या जवळ जाणारे काहीतरी तयार होते आणि शिळ्या भाकरीबरोबर न्याहारीला चालते. काही जणी ते थालीपिठाच्या पिठात मळून टाकतात, त्यात मग वेगळे तिखट-मीठ फारसे लागत नाही.