शिकागो अधिवेशन आंदोलन (१९६८)

डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन शिकागोत २६ ते २९ ऑगस्ट १९६८ या काळात भरले, तेव्हा व्हिएटनाम युद्धाचे विरोधक आणि पोलीस यांच्यात शहराच्या रस्त्यांवर झालेला संघर्ष. जीवितहानी पाहिली तर आदल्या वर्षीची डेट्रॉइटची दंगल कितीतरी भीषण होती. तीत ४३ माणसे मेली. शिकागो गाजले ते सत्ताधारी पक्ष साऱ्या देशादेखत दुभंगला म्हणून.

ते वर्षच विलक्षण होते. जानेवारीअखेर उत्तर व्हिएटनाम आणि व्हिएटकाँग यांनी दक्षिणेत केलेल्या टेट हल्ल्याने युद्ध जिंकत आल्याचा सरकारी दावा पोकळ ठरवला. ३१ मार्चला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले. ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि शंभरावर शहरांत दंगली पेटल्या. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी तर जाळपोळ करणाऱ्यांना ठार मारण्यासाठीच गोळी घाला, असे फर्मावले. जूनमध्ये उमेदवारीच्या शर्यतीतले सिनेटर रॉबर्ट केनेडीही मारले गेले. युद्धविरोधकांची मते पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीच्या प्राथमिक निवडणुकांत केनेडी आणि सिनेटर यूजीन मॅकार्थी यांना पडली होती. उमेदवारी मात्र एकही प्राथमिक निवडणूक न लढवलेल्या उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या पदरात पडणार, हे दिसत होते. प्रतिनिधी निवडण्याची सूत्रे बहुतेक राज्यांत पक्षाच्या पुढाऱ्यांकडे होती.

निदर्शक साधारण दहा हजार, तर नुसते शहर पोलीसच सुमारे बारा हजार. शिवाय नॅशनल गार्ड या राखीव दलाचे सैनिक. यिपी या खोडकर युद्धविरोधी गटाच्या मंडळींनी पिगासस नावाचे डुक्कर राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून आणले, ते डुकरासकट पकडले गेले. थट्टा तिथेच संपली. रात्री अकरानंतर उद्यानात थांबू द्यायचे नाही, एवढ्यावरून लिंकन पार्कमध्ये अश्रुधूर आणि लाठीमार सुरू झाला. २८ ऑगस्टला अधिवेशनाने युद्ध थांबवण्याचा ठराव फेटाळला. त्याच संध्याकाळी मिशिगन ॲव्हेन्यूवर हिल्टन हॉटेलसमोर पोलीस जमावावर तुटून पडले. वार्ताहर आणि वाटसरूही त्यातून सुटले नाहीत. ‘सारे जग पाहत आहे’ ही घोषणा तिथलीच. उमेदवारीची भाषणे चालू असतानाच ही दृश्ये दूरचित्रवाणीवर झळकली. सिनेटर एब्रहम रिबिकॉफ यांनी व्यासपीठावरून पोलिसांच्या वागण्याला ‘गेस्टापो’ची, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांची, उपमा दिली आणि समोर बसलेले डेली संतापून ओरडू लागले.

डॅनियल वॉकर यांच्या चौकशी अहवालाने डिसेंबरमध्ये या प्रकाराला ‘पोलिसांची दंगल’ म्हटले. जनमत मात्र बव्हंशी पोलिसांच्या बाजूचे होते, आणि आंदोलनाच्या गौरवगाथांत नेमके हेच वगळले जाते. ‘कायदा आणि सुव्यवस्था’ म्हणत रिपब्लिकन पक्षाच्या रिचर्ड निक्सन यांनी नोव्हेंबरमध्ये निसटता विजय मिळवला.

डेव्हिड डेलिंजर, टॉम हेडन, ॲबी हॉफमन आदी आठ जणांवर कट करून दंगल चिथावल्याबद्दल १९६९ मध्ये खटला भरला. त्यांतील ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचे नेते बॉबी सील यांना न्यायाधीशांनी भर न्यायालयात खुर्चीला बांधून तोंडात बोळा कोंबायला लावला. पुढे त्यांचा खटला वेगळा काढला. उरलेल्या सातही जणांवरचा कटाचा आरोप टिकला नाही. पाच जणांना दंगल चिथावल्याबद्दल झालेली शिक्षा १९७२ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केली.

युद्ध आणखी काही वर्षे चाललेच. पक्षात मात्र जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने प्रतिनिधी निवडीचे नियम पालटले. प्राथमिक निवडणुकांना निर्णायक वजन आले, स्त्रिया, तरुण आणि कृष्णवर्णीय प्रतिनिधींची संख्या वाढली. या नियमांनुसार १९७२ ची उमेदवारी खुद्द मॅकगव्हर्न यांनीच मिळवली, आणि ५० पैकी ४९ राज्यांत ते हरले.