लटरेल घराण्याच्या जमिनी: नाव मुलांचे, वाटा मुलींचा

सर जेफ्री लटरेल (1276–1345) या लिंकनशायरमधील नाइटने स्वतःसाठी तयार करवून घेतलेला स्तोत्रग्रंथ, म्हणजेच ‘लटरेल सॉल्टर’, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातील एका पानावर सर जेफ्री चिलखत चढवून घोड्यावर बसलेला आहे. त्याची पत्नी अ‍ॅग्नेस त्याच्या हाती शिरस्त्राण देते आहे आणि तिच्यामागे सून बिअ‍ॅट्रिस ढाल घेऊन उभी आहे. निळ्या पार्श्वभूमीवर रुपेरी तिरपा पट्टा आणि सहा पाकोळ्या (लहान पक्षी) हे लटरेलांचे कुलचिन्ह ढालीपासून घोड्याच्या झुलीपर्यंत सगळीकडे रंगवलेले आहे. मात्र दोन्ही स्त्रियांच्या झग्यांवर त्याला जोडून त्यांच्या माहेरची चिन्हेही आहेत: अ‍ॅग्नेसच्या झग्यावर सटन घराण्याचा सिंह, तर बिअ‍ॅट्रिसच्या झग्यावर स्क्रोप घराण्याचा सोनेरी पट्टा. ही निव्वळ सजावट समजली जाते, पण या घराण्याच्या जमिनी कोठून आल्या हे पाहिले की ते झगे सातबाऱ्यासारखे वाचता येतात.

घराण्याची मूळ मिळकत बेताची होती; नॉटिंगहॅमशायरमधील गॅमस्टन आणि ब्रिजफर्ड ही त्यातली मुख्य गावे. थोरला जेफ्री लटरेल (सर जेफ्रीचा खापरपणजोबा) हा राजपुत्र जॉनचा माणूस होता. 1194 मध्ये जॉनची बाजू घेतल्यामुळे त्याच्या जमिनी जप्त झाल्या आणि 1199 मध्ये जॉन गादीवर आल्यावर त्या परत मिळाल्या. पुढे तो राजाच्या कामासाठी आयर्लंडला आणि पोपच्या दरबारीही गेला. तथापि, घराण्याला खरी बरकत आली ती या राजसेवेतून नव्हे, तर फ्रेथेसांट पेनेल हिच्याशी झालेल्या त्याच्या लग्नातून.

पेनेल हे नॉर्मन घराणे. 1086 च्या डोम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, राल्फ पेनेलच्या नावे लिंकनशायरमधील अर्नम, सॉमरसेटमधील ईस्ट क्वांटॉक्सहेड अशी एकमेकांपासून दूर पसरलेली गावे नोंदलेली आहेत. यॉर्कशायरमधील हूटन पॅग्नेल या गावाच्या नावात तर ते घराणे आजही टिकून आहे. फ्रेथेसांटचा हक्क लगेच पदरात पडला नाही. अर्नम आणि क्वांटॉक्सहेड एका दुसऱ्या शाखेतील मुलीमार्फत गाँट घराण्याकडे गेली होती. 1230 मध्ये मॉरिस डी गाँट निपुत्रिक वारला, तेव्हा कोठे फ्रेथेसांटचा मुलगा अँड्र्यू याला आईच्या नात्याने ती मागता आली. थोरला जेफ्री त्याच्या बारा-तेरा वर्षे आधीच मरण पावला होता.

इंग्लंडमध्ये तेव्हा थोरल्या मुलाकडे सर्व जमीन जाण्याची रीत होती. मुलगा नसेल तर मात्र ती मुलींमध्ये सारखी वाटली जाई. जमिनीचा मालक तत्त्वतः राजा किंवा वरचा सरदार असे, आणि धारकाने त्या बदल्यात लष्करी सेवा किंवा तिच्याऐवजी पैसे द्यावेत, असा करार असे. वारस अज्ञान (वयाने लहान) असला तर त्याची जमीन वरिष्ठाच्या ताब्यात जाई आणि त्याचे लग्न लावण्याचा हक्क चक्क विकला जाई. म्हणूनच धारक वारला की राजाचे अधिकारी गावोगावी चौकशी करून जमीन किती, उत्पन्न किती आणि वारस कोण हे लिहून काढत; आज इतकी माहिती मिळते ती त्या कागदांमुळेच.

अँड्र्यूने ईस्ट क्वांटॉक्सहेड धाकट्या मुलाला, अलेक्झांडरला दिले आणि अर्नम थोरल्या शाखेकडे राहिले. अँड्र्यू 1265 मध्ये वारला. अर्नमच्या वारसाचे मानसिक संतुलन बिघडल्यामुळे त्याचा कारभार काही काळ भावाकडे होता. नंतर त्या वारसाचा मुलगा रॉबर्ट आणि 1297 मध्ये, एकविसाव्या वर्षी, सॉल्टरवाला सर जेफ्री मालक झाला. तो स्कॉटलंडच्या मोहिमांवर गेला, पण अगदीच सात्त्विक नव्हता: 1312 मध्ये शेजारच्या सेम्प्रिंगहॅम मठावर हल्ला करून माल लुटल्याचा आरोप त्याच्यावर आणि त्याच्या साथीदारांवर झाला. पुढे त्याच मठात त्याची मुलगी इझाबेला जोगीण झाली, हे गमतीचे आहे.

अर्नमची शाखा 1419 मध्ये पुरुष वारसाविना संपली आणि जमिनी हॉवीझ या बहिणीमार्फत हिल्टन घराण्यात गेल्या. पेनेलांकडून जशा आल्या होत्या, तशाच त्या गेल्या.

सॉमरसेटच्या शाखेतील व्यवहार याहून धाडसी आहे. डेव्हनच्या अर्लची (मोठ्या सरदाराची) मुलगी आणि लटरेलांची सून लेडी एलिझाबेथ हिने 1376 मध्ये डन्स्टरचा किल्ला आणि त्याखालील जहागीर लेडी जोन डी मोहुन हिच्याकडून 5000 मार्कांना, म्हणजे सुमारे 3333 पौंडांना, विकत घेतली. विकणारी स्त्री आणि घेणारीही स्त्रीच. अट अशी की जोन हयात असेपर्यंत ताबा तिच्याकडेच राहील. एलिझाबेथ 1395 मध्ये वारली आणि जोन 1404 पर्यंत जगली, त्यामुळे पैसे मोजणारीला किल्ल्याचा ताबा कधीच मिळाला नाही. तो मिळाला तिचा मुलगा सर ह्यू याला, आणि तोही जोनच्या वारसांशी कोर्टकज्जा केल्यानंतरच. त्या किल्ल्यात लटरेल विसाव्या शतकापर्यंत राहिले; 1976 मध्ये त्यांनी तो ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिला.