रेडियमच्या दुकानात रेडियम नसतं

"गाडीवरचं रेडियम किरणोत्सर्गी असतं, हात लावू नका" हा फॉरवर्ड जुनाच. ठाण्यात नंबरप्लेट करणाऱ्या दुकानांवरही 'रेडियम' असं लिहिलेलं, त्यामुळे तसं वाटणं साहजिक. पण ती परावर्तक शीट; तिच्यातले बारीक काचमणी किंवा प्रिझम प्रकाश आल्या दिशेला परत पाठवतात. खरं रेडियम म्हणजे चंदेरी धातू. हवेत काळवंडतो, पाण्याशी अभिक्रिया करतो. त्याच्या रेडियम-२२६ या प्रकाराचं अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे १६०० वर्षं. प्रसिद्ध हिरवी चमकही त्याची नव्हे, जुन्या घड्याळांच्या रंगात रेडियमसोबत मिसळलेल्या झिंक सल्फाइडची!

घरीच तपासा: मिट्ट अंधारात शीट दिसत नाही, टॉर्च डोळ्यांजवळ धरून मारला की लखलखते. छताला चिकटवायच्या, अंधारात चमकणाऱ्या चांदण्या उजेड साठवतात. तीन-चार दिवस बंद डब्यात ठेवल्या की विझतात. आजोबांचं जुनं चमकत्या आकड्यांचं घड्याळ मात्र उघडू नका. त्यात खरं रेडियम असू शकतं, आणि रंगाची पूड श्वासावाटे आत जाते.